मातेरोआ आंटी टाउनला गेलीय

आमच्या खोऱ्यात मातेरोआ आंटीच्या दारात हाक मारली आणि आतून "ती टाउनला गेलीय" असं उत्तर आलं, तर माणूस परत फिरत नाही. पायरीवर बसून वाट बघतो. टाउन इथून गाडीने दीड तासावर आहे, पण आंटी पंधरा मिनिटांत येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

ती असते घराच्या डाव्या अंगाला, लिंबाच्या झाडाखाली, ठोकळ्यांवर चढवलेल्या निळ्या गाडीत. गाडीची चाकं कधीच गेली. इंजिन भाच्याने बोटीसाठी काढून नेलं. उरल्या त्या खुर्च्या, काचा, स्टीअरिंग आणि किल्ली. आंटी काचा वर करते, चपला काढते आणि ओट्यावरून उचलून आणलेलं अंडी उकडायचं घड्याळ समोर ठेवते. ते वाजेपर्यंत कुणी गाडीकडे बघायचं नाही, एवढा एकच नियम.

हे टाउनला जाणं सुरू झालं तीन उन्हाळ्यांपूर्वीच्या वादळात, जेव्हा खऱ्या टाउनला जायची सोयच उरली नव्हती.

न्यूझीलंडच्या या पूर्व किनाऱ्यावर रस्ता बंद होणं आम्हाला नवीन नाही. पण त्या खेपेला डोंगरावर लाकूडतोडीनंतर टाकून दिलेले ओंडके पुरात खाली आले, पुलाला जाऊन अडकले, आणि सकाळी पाहिलं तर नदी होती, पूल नव्हता. फोन नाही, वीज नाही, हेलिकॉप्टरने टाकलेल्या पिठावर दिवस. खालच्या घरांत गुडघाभर चिखल. आंटीचं घर उंचावर, म्हणून तिच्या तीन खोल्यांत अकरा माणसं झाली. त्यात तिची नणंद केरेना होती, केरेनाच्या सुना होत्या, त्यांची पोरं होती. आंटीचा नवरा होहेपा तर होताच. तरुणपणी झाड अंगावर पडून त्याचा एक पाय अधू झाला, तेव्हापासून तो पडवीतल्या खुर्चीत बसून जगाचा कारभार बघतो.

आणि होती कोहू, सात वर्षांची.

कोहू आंटीच्या धाकट्या बहिणीची नात; आंटीला ती नॅनी, म्हणजे आजी, म्हणते. बहीण वारली होती, तिची मुलगी तिरिया विशीत आई झाली आणि एक दिवस चार वर्षांच्या पोरीला शेजारणीकडे ठेवून गेली ती नऊ दिवस आली नाही. दहाव्या दिवशी घरची माणसं एकत्र बसली. कोण कोण काय काय बोललं ते मला माहीत नाही, पण शेवटी आंटी म्हणाली, "माझी चार वाढवून झालीत, पातेली मोठीच आहेत, द्या इकडे." कागद नाही, कोर्ट नाही. आमच्याकडे अशा मुलाला फांगाई म्हणतात, म्हणजे भरवून वाढवलेलं. आई कोण हे लपवायचं नसतं. तिरिया पुढे ऑस्ट्रेलियात फळं भरण्याच्या कारखान्यात लागली, आणि दर रविवारी तिचा फोन यायचा. वादळानंतर तोही बंद.

मी आंटीबरोबर बारा वर्षं मराएच्या, म्हणजे आमच्या सभाघराच्या, स्वयंपाकघरात काम केलं आहे. दोनशे माणसांचं जेवण ती आवाज न चढवता काढते. कुणी मीठ विसरलं तर "आज समुद्र लांब होता वाटतं" एवढंच म्हणते. म्हणून वादळानंतर दुसऱ्या आठवड्यात तिच्या घरातून भांडं आपटल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं केरेनाच असणार. गेले तर ओट्यासमोर आंटी उभी, पळी जमिनीवर, रस्सा भिंतीवर.

झालं होतं असं की कोहू पाव लपवायची. आली तेव्हापासूनच लपवायची, उशीत, बुटात, गादीखाली. आंटीने तेव्हा तिला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा देऊन टाकला होता. "हा तुझा. रिकामा झाला की मला सांग, मी भरीन. कुणी हात लावणार नाही." तीन वर्षांत पाव गादीतून डब्यात आला होता. पण अकरा माणसांच्या घरात पीठ मोजून, आणि पोरीने केरेनाच्या नातवाच्या ताटलीतला तळलेला पाव उचलून बुटात घातला. नातू रडला, केरेना बोलली, कोहूने तिच्या हाताला चावा घेतला.

"भरव, अजून भरव," केरेना मनगट चोळत म्हणत होती. "भरवून भरवून ती झाली वाघीण आणि तू झालीस काडी. तुला कोण भरवतं गं, मातेरोआ?"

आंटीने पळी उचलून ओट्यावर ठेवली. एप्रन काढला, ओट्यावरचं घड्याळ उचललं आणि दाराबाहेर पडली.

"निघालीस कुठे?" केरेना ओरडली.

"टाउनला!"

पूल नसताना. सगळं घर हसलं, होहेपा तर खोकेपर्यंत. आंटी सरळ निळ्या गाडीत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. पंधरा मिनिटांनी घड्याळ वाजलं, ती आली, भिंतीवरचा रस्सा पुसला आणि बटाटे सोलायला बसली.

"माझ्यासाठी काय आणलंस टाउनहून?" होहेपाने पडवीतून विचारलं.

"तुझ्यासाठी अक्कल बघितली. संपली होती."

त्या दिवसापासून रोज दुपारची भांडी झाली की आंटी टाउनला जाऊ लागली. गाडीत काय करतेस, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "पहिली पाच मिनिटं शिव्या देते. मग एक आल्याचं बिस्कीट खाते, पुढच्या कप्प्यात लपवलेलं. पाव लपवणारी एकटी कोहूच आहे असं समजू नकोस. मग रडू येतं का ते बघते. नाही आलं तर नुसती बसते. स्टीअरिंग धरलं ना, की वाटतं काहीतरी आपल्या हातात आहे."

मला हे फार आवडलं. आमच्या बायका दुसऱ्यांसाठी चोवीस तास उभ्या राहतात आणि मग एक दिवस आडव्या होतात. मधलं काही त्यांना येतच नाही. आंटीने अठ्ठावन्नाव्या वर्षी ते मधलं काहीतरी शोधून काढलं होतं.

पण दुपारची भांडी झाली की कोहू बिथरायची. सकाळभर बरी असायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, होहेपाची काठी आणून द्यायची. आंटीने एप्रनला हात घातला की सुरू. एकदा तिने कपबशा फोडल्या. एकदा उभ्या उभ्या लघवी केली. एकदा गाडीवर दगड मारले आणि बाजूचा आरसा फुटला. आंटी काच खाली करून म्हणायची, "कोहू, मी टाउनहून आलेच," आणि पोर त्याहून मोठ्याने किंचाळायची.

"तुझं सुख बघवत नाही तिला," केरेना म्हणाली. "पंधरा मिनिटंसुद्धा नाही. आईवर गेलीय."

"आईचं नाव नको काढूस."

"बरं, नाही काढत. पण एक ऐक. पूल झाला की मी पलीकडे लेकीकडे जाणारच आहे. हिला माझ्याबरोबर दे. माझ्या थोरलीचं घर मोठं आहे, तिला मुलगी नाही. पोर घरच्यांतच राहील, परक्यांत कुठे चाललीय? आणि तू स्वतःकडे बघ जरा. रक्तदाब किती आहे तुझा?"

केरेना वाईट बाई नाही. जिभेला धार आहे, पण त्या पाच आठवड्यांत सगळ्यांची धुणी तिनेच नदीवर नेऊन धुतली. तिला दिसत होतं ते ती बोलत होती. आंटीने गाडीत जाणं बंद केलं. पोर शांत राहील म्हणून सुख सोडलं, आणि चारच दिवसांत व्हायचं ते झालं. कोहूने सांडलेलं दूध पुसायला नकार दिला, आणि आंटीच्या तोंडून गेलं, "मग जा तुझ्या आईकडे!"

दुसऱ्या दिवशी मराएच्या स्वयंपाकघरात रताळी सोलताना तिने मला हे सांगितलं. तिचा चाकू थांबला नाही.

"चार पोरांना कधी असं बोलले नाही गं. हिला बोलले. हिलाच."

"थकली आहेस."

"थकलेली माणसं भांडी आपटतात. मी पोरीला आपटलं." तिने पुढचं रताळं उचललं. "केरेनाला हो म्हणालेय. सोमवारी तात्पुरता पूल उघडणार म्हणतात. कोहू तिच्याबरोबर जाईल."

"कोहूला सांगितलंस?"

"सांगेन."

पुलाचं काम चालू होतं तिथे बाहेरून आलेले दहाबारा कामगार होते. त्यांचं दुपारचं जेवण आम्हीच पोचवायचो. शुक्रवारी मी टोपलं घेऊन गेले तर कोहू तिथे उभी. एकटीच. पाठीवर दप्तर, हातात तो बिस्किटांचा डबा. घरापासून दोन किलोमीटर चालत आली होती. पिवळी टोपी घातलेला मुकादम तिच्यापुढे उकिडवा बसला होता.

"काय म्हणतेय बघा ही," तो मला बघून म्हणाला. "पूल बांधू नका म्हणते."

"अर्धाच बांधा," कोहू म्हणाली. तिने डबा उघडून त्याच्यापुढे धरला. आत पावाचे तुकडे होते, सगळे. "हे घ्या. पण पूर्ण नका करू."

"का गं बाई? तुला टाउनला नाही जायचं? आइस्क्रीम मिळतं तिथे."

"मला नाही. नॅनीला जायचंय. ती रोज जाते पण पूल नाही म्हणून तिला परत यावं लागतं. पूल झाला की तिला जाता येईल."

मुकादम हसायला लागला होता, तो थांबला. मी टोपलं खाली ठेवलं.

"आणि गेली तर परत येणार नाही, असं वाटतं तुला?"

कोहूने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला साधी बेरीज येत नव्हती. "ममीपण टाउनलाच गेली होती."

नऊ दिवस. घरच्या सगळ्यांनी ते दिवस मोजले होते. तिरिया जाताना काय म्हणाली, ते कुणी विचारलंच नव्हतं. विचारून उपयोग काय होता? "टाउनला जाऊन येते" असं रोज कुणी ना कुणी म्हणतं.

मी कोहूला हाताला धरून घरी आणलं. मुकादमाने डबा परत देताना त्यातला एक तुकडा खाल्ला, आणि म्हणाला, "विचार करतो हं." त्या माणसाला मी विसरणार नाही.

घरी कुणाला पत्ताच नव्हता. आंटीला वाटत होतं पोर कोंबड्यांपाशी आहे, केरेनाला वाटत होतं आंटीपाशी. मी आंटीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती आधी हसली. लिंबाच्या बुंध्याला टेकून हसत सुटली. मग हसता हसता खाली बसली आणि एप्रन तोंडावर घेतला.

केरेना पाठोपाठ आलीच होती, लगेच मार्ग काढायला पुढे. "सोपं आहे मग. तो 'टाउन' शब्दच टाकून दे. गाडीत बसते म्हण, देवाचं नाव घेते म्हण, काही म्हण."

"नाही," आंटी एप्रनमधून म्हणाली.

"का नाही?"

"आज मी टाकीन. उद्या शाळेत कुणीतरी म्हणेल, परवा दुकानात. आयुष्यभर कोण कोण टाकणार तिच्यासाठी?" तिने तोंड पुसलं. "शब्द हाच राहील. ती ऐकेल आणि मी परत येईन. पुन्हा ऐकेल, पुन्हा येईन. शंभर वेळा. कंटाळेपर्यंत."

"आणि सोमवार?"

"सोमवारी तू जा, केरेना."

त्या दुपारी आंटीने कोहूला गाडीपाशी नेलं आणि पुढचं झाकण उचललं. आत इंजिनाच्या जागी वाळलेलं गवत आणि तांबड्या कोंबडीची तीन अंडी होती.

"बघ. ही गाडी कुठे जाईल?"

कोहूने आत डोकावून पाहिलं. "अंकल इंजिन परत घेऊन आला तर?"

"चाकं कुठायत?"

"तीपण आणली तर?"

पडवीतून होहेपा म्हणाला, "पोरगी वकील होणार."

आंटीने झाकण खाली केलं. मग तिने किल्ली काढली, एप्रनची नाडी तोडली, तीत किल्ली ओवून कोहूच्या गळ्यात बांधली. "किल्लीशिवाय कुठलीच गाडी जात नाही. इंजिन असलं तरी नाही. आणि हे घड्याळ. हे तू धरायचं. आज दोन मिनिटं. वाजलं की मी बाहेर."

"नाही वाजलं तर?"

"दोन मिनिटं झाली की ते वाजतंच. नाही वाजलं तर काचेवर मार."

सांडलेल्या दुधावरून ती जे बोलली होती त्याबद्दल माफी तिने तिथेच मागितली, सगळ्यांसमोर. "जा म्हणाले ते खोटं होतं. मी चिडले होते. चिडलेली नॅनीसुद्धा तुझीच." कोहू घड्याळ बघत होती.

पहिल्या दिवशी तिने अर्ध्या मिनिटात काच बडवली. आंटीने काच खाली केली, "अजून दीड मिनिट आहे, राणी," म्हणाली आणि काच वर केली. कोहू घड्याळ छातीशी आवळून लिंबाखाली येरझाऱ्या घालत होती. केरेना दोनदा पुढे झाली आणि दोन्ही वेळा होहेपाने काठी आडवी घातली. घड्याळ वाजलं. दार उघडलं.

"आले," आंटी म्हणाली.

दोनाची पाच मिनिटं व्हायला दोन आठवडे लागले. मधे एकदा पुन्हा कपबशी फुटली, एकदा पुन्हा पाव बुटात गेला. पण मी सांगते, आंटी एकदाही एक मिनिट उशिरा आली नाही. कधी कधी डोळे लाल असायचे, बिस्किटाचा चुरा हनुवटीवर असायचा, रडणं अर्ध्यावर सोडलेलं दिसायचं. घड्याळ वाजलं की दार उघडायचं. आणि एकदाही तिने जाणं टाळलं नाही. पाहुणे असोत, पोरीला ताप असो. तापात तर तिने मला कोहूपाशी बसवलं आणि तीन मिनिटं जाऊन आली. "आजच न जाऊन कसं चालेल," ती म्हणाली, "आजच तर मला गरज आहे."

केरेना त्या सोमवारीच पुलावरून पहिल्या गाडीने गेली होती. जाताना काही बोलली नाही, तिच्या मानाने हेच खूप होतं. संध्याकाळी आंटीने गाडीतला कप्पा उघडला तर आत आल्याच्या बिस्किटांचे चार पुडे होते. पुरात सगळ्यांचं सामान गेलं तेव्हा त्या बाईने हे कुठे दडवून ठेवले होते, देव जाणे.

फोन सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी तिथेच होते. कोहू पायरीवर बसून तिरियाशी बोलत होती. शाळा, कोंबडी, मुकादम, सगळं सांगून झालं, आणि मग ती सहज म्हणाली, "आणि नॅनी रोज टाउनला जाते. पण येते."

फोन स्पीकरवर होता. आंटी ओट्यापाशी हात पुसत थांबली होती.

"येते ना?" तिरियाचा आवाज आला, बारीक. "बरं झालं, बेबी. नॅनीला दे जरा."

आंटीने फोन घेतला आणि मागच्या दाराने बाहेर गेली. त्या दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. घड्याळ ओट्यावरच होतं. त्या दिवशी ते कुणी लावलं नाही.

त्या हिवाळ्यात मुलांच्या सरकारी खात्यातून एक बाई आली. नव्या पुलावरून, खऱ्या टाउनहून. वादळानंतर घरोघर जाऊन सांभाळलेल्या मुलांची चौकशी करणं हे तिचं काम. तिच्याजवळ एक गुळगुळीत कागद होता, सांभाळणाऱ्यांनी स्वतःला कसं सांभाळावं यावर, वर एका हसऱ्या बाईचा फोटो, हातात चहाचा कप. मी आंटीकडे पीठ परत करायला गेले होते, तर ही बाई फाटकातून आत येत होती. पडवीतली खुर्ची रिकामी, होहेपा दवाखान्यात गेलेला. पायरीवर कोहू. गळ्यात किल्ली, मांडीवर घड्याळ, बाजूला डबा.

"नमस्कार," बाई म्हणाली. "घरात कोण मोठं आहे?"

"नॅनी टाउनला गेलीय."

बाईचा चेहरा बदलला. तिने वहीत काहीतरी लिहायला घेतलं. "आणि तू एकटी? कधी येणार आहे ती?"

मी तोंड उघडणार होते. कोहूने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

तिने घड्याळाकडे बघितलं. "चार मिनिटांनी," ती म्हणाली. "बसा. ती येते."

बाई बसली. काय करणार? कोहूने डबा उघडला, पावाचा एक तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. जरा विचार केला. मग त्यातला अर्धा मोडून परत घेतला आणि झाकण लावलं.